ध्वनिचित्रमुद्रण : संगणकावरील भार कसा कमी करावा?

बिलोली हा नांदेड जिल्ह्यातील तेलंगणाच्या सीमेलगतचा तालुका. मराठीबरोबर तेलुगूही कानी पडणाऱ्या या भागात शिक्षकाने दोन्ही भाषांत समजावलेला पाठ संगणकावर मुद्रित करून ठेवल्यास तो विद्यार्थ्यांना पुनःपुन्हा पाहता येतो. ग्रामसभेचेही तसेच आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमान्वये वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक असून, चित्रमुद्रणामुळे इतिवृत्ताला बळकटी येते. मात्र ठरावाच्या वेळीच चित्र अडखळले, तर त्या मुद्रणाचा उपयोग उरत नाही. अशा वेळी संगणक निकामी ठरविण्याची घाई होते. वस्तुतः दोष पुष्कळदा यंत्राचा नसून मांडणीचा असतो.

भार कशामुळे पडतो?

१९२० गुणिले १०८० या आकाराच्या एका चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस दीड बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तरी सेकंदास सुमारे ७ कोटी ७८ लाख बाइट, म्हणजे तासाला सुमारे २८० गिगाबाइट माहिती होते. एवढी माहिती साठविणे अशक्यप्राय असल्याने ती आकुंचित करावी लागते व पाहताना पुन्हा उलगडावी लागते. ही आकडेमोड प्रोसेसरवर पडली की तो थकतो, तापतो आणि आपला वेग आपोआप कमी करतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा अनुभव अधिक येतो.

मुद्रण करताना

पहिला उपाय आकाराचा. १२८० गुणिले ७२० हा आकार निवडल्यास बिंदूंची संख्या सव्वादोन पटीने घटते. भाषण वा फळ्यावरील पाठ यांसाठी तो पुरेसा आहे. सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रे घेतल्यास काम निम्म्यावर येते.

दुसरा उपाय कामाच्या वाटणीचा. २०११ पासून इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत चित्र आकुंचित करणारा स्वतंत्र विभाग असतो. ओबीएस स्टुडिओ या विनामूल्य प्रणालीत ‘एन्कोडर’ या पर्यायात तो निवडावा. तो उपलब्ध नसल्यास ‘प्रीसेट’ अधिक वेगवान ठेवावा. फाइल थोडी मोठी होते, परंतु भार हलका होतो.

वीज खंडित होण्याचा संभव असल्यास एमकेव्ही प्रकारात मुद्रण करावे. साध्या एमपी४ फाइलची सूची शेवटी लिहिली जाते. त्यामुळे वीज मध्येच गेल्यास संपूर्ण मुद्रण वाया जाऊ शकते.

पाहताना

एच.२६४ ही २००३ ची पद्धती बहुतेक संगणकांना पेलते. २०१३ ची एच.२६५ व २०१८ ची एव्ही१ या पद्धती जागा वाचवितात; परंतु जुन्या यंत्रांत त्या उलगडणारा विभाग नसल्याने सारा भार प्रोसेसरवर येतो. यास्तव शाळांना द्यावयाचे पाठ एच.२६४ मध्येच ठेवणे श्रेयस्कर. ब्राउझर व व्हीएलसी यांतील ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

उपाय लागू पडला की नाही, हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसते. तेथे ‘सीपीयू’चा आकडा सतत शंभराजवळ राहत असल्यास आकार आणखी कमी करावा, अनावश्यक प्रणाली बंद कराव्यात आणि संगणक बंद करून पंख्यावरील धूळ काढावी.

सभेच्या वा पाठाच्या आदल्या दिवशी दहा मिनिटांचे मुद्रण करून ते पूर्ण पाहावे. नव्या यंत्राची मागणी करण्यापूर्वी ही परीक्षा झाली, तर शाळा व ग्रामपंचायतीचा खर्च वाचू शकेल आणि गावाचा ठराव गावाला स्पष्टपणे पाहता व ऐकता येईल.