भार हरपलेले पाणी

पाणी उताराकडे धावते, हे आपण बालपणापासून पाहत आलो आहोत. इंद्रायणी देहूहून आळंदीकडे वाहते ती याच नियमाने. आपल्या महाळुंगे-चाकण भागात तयार होणाऱ्या मोटारींच्या टाकीत इंधन तळाशी राहते, त्याचेही कारण हेच. परंतु हा द्रवाचा मूळ स्वभाव नव्हे. तो पृथ्वीच्या आकर्षणाचा परिणाम होय.

एक प्रयोग करून पाहा. डब्याच्या बाजूस, तळाजवळ, लहानसे भोक पाडून त्यात पाणी भरावे. धार लागेल. आता डबा उंचावरून सोडून द्यावा. तो पडत असता धार थांबते! आकर्षण नाहीसे झाले काय? मुळीच नाही. डबा व पाणी सारख्याच वेगाने पडत असल्यामुळे पाण्याचा भार डब्यावर येत नाही, इतकेच. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकही असेच अखंड पडत पृथ्वीभोवती फिरते. तेथे आकर्षण पृथ्वीवरील आकर्षणाच्या सुमारे ९० टक्के असूनही वस्तूंचा भार जाणवत नाही.

भार हरपला, की पृष्ठताणाचे राज्य सुरू होते. अळवाच्या पानावरील थेंबास गोल करणारी शक्ती ती हीच. आपल्याच जिल्ह्यातील खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकलेले शुभांशु शुक्ल यांनी २०२५ साली स्थानकात पाण्याचा गोळा अधांतरी तरंगवून दाखविला.

हा केवळ कौतुकाचा विषय नव्हे. १६ जुलै २०१३ रोजी इटलीचे अंतराळवीर लुका पार्मितानो स्थानकाबाहेर काम करीत असता, पोशाखाच्या शीतक यंत्रणेतील पाणी त्यांच्या शिरस्त्राणात शिरले. पृथ्वीवर ते खाली ओघळले असते. तेथे मात्र ते चेहऱ्यास चिकटून डोळ्यांवर व नाकावर पसरले. दिसेनासे झाले, श्वासही कठीण झाला. तरी धीर न सोडता, सुरक्षेच्या दोरीच्या आधाराने चाचपडत ते आत परतले.

पुढे शिरस्त्राणात पाणी शोषणारी गादी बसविण्यात आली. समईच्या वातीत तेल चढते, त्याच तत्त्वाने ती पाणी ओढून घेते. ज्या गुणाने प्राण संकटात पडले, तोच गुण अभ्यासाने रक्षणकर्ता झाला. सृष्टीचे नियम जाणणे म्हणजे काय, ते यावरून ध्यानी यावे.