भाचीला घेऊन दोन दिवस मुंबईत

अगं, भाचीला घेऊन शनिवार-रविवार मुंबईला जायचं ठरवलंस, हे फार छान केलंस. दहा-अकराचं वय असं असतं की आईचं बोट सोडावंसं वाटतं, पण एकटीनं पुढे जायचा धीर होत नाही. या वयात मावशी फार उपयोगी पडते. म्हणून निघण्याआधी काही गोष्टी मनापासून सांगते.

आधी यादी छोटी कर. गेटवे, घारापुरी, राणीबाग, हाजीअली, जुहू असं सगळं दोन दिवसांत कोंबलंस, तर पोरीच्या लक्षात फक्त दमणूक राहील. दिवसाला दोन ठिकाणं पुरेत. घारापुरी या खेपेला सोडच. लाँचनं जायलाच तासभर लागतो, वर चढायला पायऱ्या. अर्धा दिवस तिथंच जातो.

पुण्याहून डेक्कन क्वीननं जा. सकाळी सव्वासातला निघते आणि साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटीला पोचवते. १ जून १९३० ला सुरू झालेली ही गाडी, आणि तिला चक्क डायनिंग कार आहे. तिथं बसून चीज टोस्ट आणि आम्लेट मागवा. ऑर्डर मात्र भाचीलाच देऊ दे. काय हवं ते अनोळखी माणसाला स्वच्छ आवाजात सांगता येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि घरी आपण मुलींच्या वतीनं इतकं बोलतो की त्यांना ती संधीच मिळत नाही.

सीएसएमटीला उतरल्याबरोबर टॅक्सीच्या मागे धावू नकोस. समोरच्या बाजूला जाऊन दोघी जरा उभ्या राहा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून १८७८ मध्ये या इमारतीचं काम सुरू झालं, त्याला दहा वर्षं लागली. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. हे तू आधी सांगू नकोस. 'दगडातले प्राणी शोध,' एवढंच म्हण. स्वतः शोधलेलं मूल विसरत नाही.

सामान ठेवून, जेवून दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सगळी दालनं बघायचा हट्ट धरू नकोस. ती जिथं रेंगाळेल तिथं तूही रेंगाळ. आवारात मुलांसाठी वेगळं संग्रहालयही आहे. ही वास्तू जॉर्ज विटेटची, आणि इथून चालत जाण्याच्या अंतरावरचा गेटवेही त्याचाच, १९२४ मध्ये पुरा झालेला. संध्याकाळी गेटवेसमोर तिला विचार, दोन्ही इमारतींत सारखं काय दिसतं? कमानी आणि जाळ्या तिला नक्की दिसतील.

रविवारी सकाळी राणीबाग. भायखळ्याला लोकलनं जा, पण मेगाब्लॉक कुठे आणि किती वाजता आहे ते शनिवारीच बघून ठेव. फलाटावर इंडिकेटर तिला वाचू दे: गाडी कुठे जाणार, जलद की धीमी, किती मिनिटांत येणार. तिकीटही तिलाच काढू दे. पाच वर्षं पूर्ण झाल्यापासून बारा पूर्ण होईपर्यंत लोकलला अर्धं तिकीट असतं. राणीबागेत पेंग्विन आहेतच, पण शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती चुकवू नका. हा हत्ती घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो फुटला, मग तुकडे जोडून इथं उभा केला. (राणीबाग आणि हे संग्रहालय, दोन्ही बुधवारी बंद असतात, पुढे कधी सुट्टीत मधल्या वारी गेलात तर लक्षात ठेव.) परतीची डेक्कन क्वीन पाच-दहाला सुटते, म्हणून दुपारनंतर नवं काही ठरवू नकोस.

आता काळजीच्या गोष्टी. तुझा मोबाइल नंबर तिच्याकडून पाठ करून घे. लोकलमध्ये ताटातूट झाली तर काय करायचं, ते फलाटावर पाऊल ठेवण्याआधीच ठरवा. ती चढली आणि तू खाली राहिलीस, तर तिनं पुढच्याच स्टेशनावर उतरून तिथंच थांबायचं. तू चढलीस आणि ती राहिली, तर तिनं होती तिथंच थांबायचं. तू परत येणार. मदत लागली तर रेल्वेचे पोलीस किंवा एखादी बाई, आणि फोन १०९८ किंवा १३९. हे सगळं तिच्याकडून एकदा म्हणवून घे. भीती घालू नकोस, शांतपणे सांग. काय करायचं ते ठाऊक असलं की मूल घाबरून पळत सुटत नाही. हॉटेलसाठी तिच्या आधार कार्डाची प्रत जवळ असू दे, आणि ती तुझ्याबरोबर आहे अशी आईची चिठ्ठीही.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. पर्समध्ये सॅनिटरी पॅड आणि तिच्यासाठी जास्तीची चड्डी ठेव. या वयात पाळी केव्हाही सुरू होऊ शकते. ताईनं तिला काय सांगितलंय ते आधी विचारून घे. प्रवासात तसं झालंच, तर तुझा चेहरा शांत हवा. बाकी सगळं ती तुझ्याकडे बघून ठरवेल.

आणि रात्र. दिवे मालवले की मुली बोलायला लागतात. वर्गातली भांडणं, गणिताची भीती, आई-बाबांचं काहीबाही. तेव्हा उपदेश करू नकोस, तिच्या आईची बाजू मांडायला जाऊ नकोस आणि आईची तक्रारही करू नकोस. ऐक फक्त. 'कोणाला सांगणार नाहीस ना?' असं तिनं विचारलं, तर सरसकट वचन देऊ नकोस. म्हण, 'तुला कोणी त्रास देत असेल, तुझ्या अंगाला नको तसा हात लावत असेल, तर ते मला आईला सांगावं लागेल, पण तुला विचारून, तुझ्यासोबत. बाकी सगळं माझ्याजवळ राहील.' आणि मग ते खरोखर जवळ ठेव. ताईनं खोदून विचारलं तरी. त्यातली एक क्षुल्लक गोष्ट जरी घरी चहाच्या वेळी हसण्यावारी गेली, तरी ती पुन्हा तुझ्याशी मन मोकळं करणार नाही.

मला या सहलीचं मोल इथं वाटतं. संग्रहालयं पुन्हा कधीही बघता येतात. पण तेरा-चौदाव्या वर्षी, जेव्हा आईशी बोलणं जड जातं, तेव्हा जिला फोन करता येईल अशी एक मोठी बाई प्रत्येक मुलीला हवी असते. ती जागा ऐन अडचणीत तयार होत नाही, अशा साध्या दोन दिवसांत तयार होते.

म्हणून परत आल्यावर एवढं कर. पुढच्या आठवड्यात तिला फोन कर. ताईच्या फोनवर का होईना, पण तिच्याशी बोलायला म्हणून. पुढच्या वेळी कुठं जायचं ते तिला ठरवू दे, आणि ती जे म्हणेल त्याची तारीख त्याच फोनवर पक्की कर.