कोटेशन बाहेर गेलं तेव्हा

भोसरी एमआयडीसीत जिग-फिक्स्चर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी डिझाइनचं काम बघतो. ऑफिसातल्या कॉम्प्युटरांची देखभालही माझ्याकडेच असते. मागे एका जुन्या गिऱ्हाइकाने आमच्या मालकांना बोलावून एक ड्रॉइंग समोर ठेवलं. तेच फिक्स्चर दुसऱ्या कुणीतरी आमच्यापेक्षा स्वस्तात देऊ केलं होतं. खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत कारखान्याचं नाव बदललेलं, पण ड्रॉइंग नंबर आमचाच. टिपांमध्ये आमच्या ड्राफ्ट्समनने 'चॅम्फर'च्या स्पेलिंगमध्ये एक 'एफ' जास्त टाकला होता, तोही तसाच उतरला होता. दर आमच्या कोटेशनच्या जेमतेम खाली.

संध्याकाळपर्यंत शॉपफ्लोअरवर बातमी पसरली आणि सगळे व्हीएमसीच्या, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकचालित मशिनच्या, ऑपरेटरकडे बघू लागले. आमच्या मशिनवर प्रोग्राम चढवायचा तर पेनड्राइव्ह लागतो आणि तो दिवसभर त्याच्याच हातात असतो, एवढंच कारण. पोरगा कामाला चोख, घर त्याच्या पगारावर चालणारं. जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन एकटाच मागच्या शेडमध्ये बसू लागला. ड्रॉइंग गेल्यापेक्षा हे मला अजून जास्त लागतं.

मालकांच्या ओळखीतले एक सायबर तपासनीस आले. त्यांनी आधी बजावलं की कोटेशन बनतात त्या कॉम्प्युटरला कुणी हात लावू नये. अँटिव्हायरस चालवू नये, फॉरमॅटचं तर नावच नको. डिस्कची हुबेहूब प्रत काढून त्यांनी त्या प्रतीवर काम केलं. विंडोजच्या फोल्डरात 'आयएनएफ' नावाचं एक फोल्डर असतं. त्यात 'सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग' ही साध्या मजकुराची फाइल. एखादं उपकरण कॉम्प्युटरला पहिल्यांदा जोडलं की तारीख-वेळेसह तिथे नोंद पडते. रजिस्ट्रीत उपकरणाची कंपनी, मॉडेल आणि बहुतेक वेळा सिरियल नंबरही राहतो.

ऑपरेटरचा पेनड्राइव्ह त्या कॉम्प्युटरला कधी लागलाच नव्हता. लागली होती एक पोर्टेबल हार्ड डिस्क, सुट्टीच्या दिवशी. त्या दिवशी ऑफिसची किल्ली एस्टिमेशनच्या माणसाकडे होती आणि तो राजीनामा देऊन नोटीस पिरियड भरत होता. मालकांनी ऑपरेटरला केबिनमध्ये न बोलावता शॉपफ्लोअरवर, सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. संशय चारचौघांत घेतला गेला असेल तर तो चारचौघांतच फेडायला हवा.

अशा चोरीत कुलूप तुटत नाही. ज्याला फाइल उघडायची परवानगी आहे तोच ती घेऊन जातो. 2010 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या चेल्सी मॅनिंग यांनी इराकमधल्या तळावरून गोपनीय दस्तऐवज बाहेर काढले, ते लेडी गागाचं नाव लिहिलेल्या सीडीवर. हेतूचा वाद वेगळा. पण सैन्याच्या तळावर हे होतं, तर आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये का होणार नाही?

म्हणून लहान कारखानदारांना, सीएंच्या ऑफिसांना, क्लासवाल्यांना माझं सांगणं आहे की सगळे यूएसबी सरसकट बंद करायच्या भरीस पडू नका. काम अडलं की लोक पळवाट काढतात आणि ती पळवाट तुम्हाला दिसत नाही. आधी कुठल्या टेबलावर यूएसबीची खरोखर गरज आहे ते बघा. दर, कोटेशन, पगार, हिशेब असलेल्या कॉम्प्युटरला ती सहसा नसतेच. विंडोज प्रोच्या ग्रुप पॉलिसीत 'रिमूव्हेबल स्टोरेज ॲक्सेस' असा भाग आहे. तिथून सगळ्या साठवणीच्या उपकरणांना मज्जाव करता येतो. कीबोर्ड-माउस चालूच राहतात. होम आवृत्तीत हा एडिटर मिळत नाही, तेव्हा कॉम्प्युटर घेतानाच प्रो घ्या. जिथे बाहेरून ड्रॉइंग येतात तिथे फक्त लिहिण्यावर बंदी घाला, वाचणं चालू ठेवा.

यात एक भोक हमखास राहतं. नुसत्या 'रिमूव्हेबल डिस्क'वर बंदी घातली तर मोबाइल सुटतो, कारण केबलने जोडलेला फोन विंडोजच्या लेखी वेगळ्या जातीचं उपकरण आहे. त्याच यादीत 'डब्ल्यूपीडी डिव्हाइसेस' आहे, तेही बंद करा. शिवाय रोजचं काम ॲडमिनिस्ट्रेटरच्या लॉगिनने चालत असेल तर ही सगळी बंदी कुणीही उठवू शकतो. मेल आणि व्हॉट्सॲपची वाट उरतेच, तिचा बंदोबस्त निराळा.

व्हीएमसीसाठी आम्ही कंपनीचेच नंबर टाकलेले पेनड्राइव्ह ठेवले. त्यात फक्त चालू पार्टचा प्रोग्राम जातो, पूर्ण फोल्डर नाही. विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद केलेला पेनड्राइव्ह आमच्या मशिनचा कंट्रोलर वाचत नाही, त्यामुळे तिथे तो उपाय चालला नाही. गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या ड्राइव्हला मात्र तो जरूर लावा. रिक्षात विसरला तरी आतलं कुणाला वाचता येत नाही. फक्त रिकव्हरी की जपून ठेवा. आणि ज्याला पासवर्ड ठाऊक आहे त्याच्यापासून बिटलॉकर वाचवणार नाही, हे धरून चाला.

कुठल्या फाइली कॉपी झाल्या याची यादी विंडोज आपणहून ठेवत नाही. ऑडिट पॉलिसीत 'रिमूव्हेबल स्टोरेज'ची नोंद आधीच चालू करून ठेवावी लागते. आमच्याकडे ती असती तर वकिलांचं काम पुष्कळ हलकं झालं असतं.

कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय डेटा कॉपी करण्याचा उल्लेख आहे आणि त्यात काढून नेता येणाऱ्या साठवणीतला डेटाही धरलेला आहे. अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कोर्टात डिजिटल नोंद पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ डिस्क नंतर कुणी चाळवली असेल तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो. आमची तक्रार अजून चालू आहे, आणि ती टिकून आहे ती कॉम्प्युटर वेळीच बाजूला ठेवल्यामुळे. कुणी नोकरी सोडली की त्याचा कॉम्प्युटर दुसऱ्याच दिवशी फॉरमॅट करून नव्या माणसाला देण्याची पद्धत जवळपास सगळीकडे आहे. निदान काही महिने त्याची डिस्क काढून, पाकिटावर तारीख आणि सही घालून कपाटात ठेवा. नव्या माणसाला नवी डिस्क लावून द्या.