अन्य भाषा मागताना अर्थही मागा



गाझियाबादला आमच्या घराजवळच्या एका फ्लॅटमध्ये दर शनिवारी संध्याकाळी प्रार्थनासभा भरते. मल्याळी, मिझो, हिंदी बोलणारे असे सगळे असतात. मराठी म्हणजे फक्त आई आणि मी. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा सर्व जण एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागले. शेजारच्या काकू डोळे मिटून भरभर बोलत होत्या आणि मला एकही शब्द कळत नव्हता. हेच ते अन्य भाषांचे दान, असे वाटून अंगावर काटा आला. चहाच्या वेळी समजले की काकू मल्याळममध्ये मुलाच्या नोकरीसाठी प्रार्थना करत होत्या!

आई आजही यावरून मला चिडवते. पण त्यातून एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. आपल्याला कळत नाही म्हणून एखादी भाषा आत्म्याची होत नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2 पाहा. पन्नासाव्या दिवशी शिष्य अन्य भाषांत बोलू लागले, तेव्हा देशोदेशीच्या लोकांना आपापल्या जन्मभाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली. तिथे दुभाष्याची गरज लागली नाही. करिंथच्या मंडळीत मात्र उलटे होते. तिथे बोलणारा बोलत होता आणि अर्थ सांगणारा नसेल तर कोणालाच काही कळत नव्हते. 1 करिंथ 14 हा अध्याय त्याच अडचणीवर लिहिला आहे.

आता एक कबुली देते. त्या सभेत मला कोणीतरी प्रेमानेच सांगितले की अन्य भाषा आली नाही तर पवित्र आत्मा मिळालेलाच नाही. मी घाबरले. दोन-तीन शनिवार मी ओठांनी काहीतरी अक्षरे जुळवत राहिले. बाजूच्यांनी "हालेलूया" म्हटले. घरी येऊन मला रडू आले, कारण देवासमोर मी खोटी हजेरी लावून आले होते. तुमच्यापैकी कोणी आज त्याच जागी असेल, तर 1 करिंथ 12:30 उघडा. सगळेच अन्य भाषा बोलतात काय, असे पौल विचारतो. मूळ ग्रीकमध्ये त्या प्रश्नाची घडणच अशी आहे की उत्तर "नाही" असेच अपेक्षित आहे. ज्याला हे दान आहे त्याला पौल अडवत नाही, तो स्वतःही अन्य भाषा बोलत होता. पण ज्याला नाही त्याच्या तारणावर त्याने कुठेही शंका घेतलेली नाही.

आता अध्याय 14 मधले वचन 13 बघा. अन्य भाषा बोलणाऱ्याने त्याचा अर्थही सांगता यावा म्हणून प्रार्थना करावी, असे तिथे आहे. एक दान मिळाले की लगेच दुसऱ्यासाठी मागायचे. पुढे तो म्हणतो की आपण आत्म्याने प्रार्थना करू आणि बुद्धीनेही करू. मी बी.कॉम. करते, म्हणून मला हे आमच्या जर्नलच्या नोंदीसारखे वाटते. आकडे बरोबर असले तरी खाली स्पष्टीकरणाची एक ओळ नसेल तर सर गुण कापतात. महिन्याने ती नोंद लिहिणाऱ्यालाही उलगडत नाही.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातच एक मोठे उदाहरण आहे आणि ते आपण फार कमी सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन. जानेवारी 1905 मध्ये तिथे सुमारे 70 जणी रोज एकत्र येऊन आत्मिक जागृतीसाठी प्रार्थना करू लागल्या, जूनपर्यंत ही संख्या 550 वर गेली. 29 जूनच्या पहाटे जागृतीला सुरुवात झाली. मुली पापांची कबुली देत रडत होत्या, तासन्‌तास प्रार्थना करत होत्या. 1906 मध्ये तिथे अन्य भाषांतही प्रार्थना होऊ लागली. एका रविवारी उपासनेहून बाहेर पडताना रमाबाईंना एका खोलीच्या दाराशी मुलींची गर्दी दिसली. आत एक मुलगी डोळे मिटून अस्खलित इंग्रजीत येशूशी बोलत होती आणि तिला इंग्रजी येत नव्हते. रमाबाईंनी तिला थांबवले नाही. त्याही स्तुतीत सामील झाल्या.

बाहेरून टीका झाली. काही मिशनऱ्यांनाही हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी 1907 मध्ये आपल्या 'मुक्ती प्रेअर बेल' या पत्रिकेतून मुलींची बाजू घेतली. त्या स्वतः अन्य भाषेत बोलल्याचा उल्लेख मात्र आढळत नाही. त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांचीही शिकवण होती की हे दान प्रत्येकालाच मिळते असे नाही.

आणि त्याच आवारात, त्याच वर्षांत रमाबाई दुसरे काय करत होत्या? इब्री आणि ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर! 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिलेली ही बाई. संस्कृतप्रचुर मराठी लिहिणे त्यांना सहज जमले असते. पण खेड्यातल्या, जेमतेम वाचता येणाऱ्या स्त्रीला वचन समजावे म्हणून त्या सोपे शब्द शोधत बसल्या. छपाईही मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातांनी. आयुष्याची दीड दशकाहून अधिक वर्षे यात गेली. जुलै 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झाले होते. ते 1924 मध्ये प्रकाशित झाले.

मी या संकेतस्थळासाठी भाषांतर करते, म्हणून हा भाग मला जास्त बोचतो. एकदा घाईत मी संगणकाकडून एक परिच्छेद करून घेतला, तर त्याने "जिभांमध्ये बोलणे" असे लिहून दिले. चूक तरी कशी म्हणणार? ग्रीकमध्ये जीभ आणि भाषा या दोन्हींसाठी एकच शब्द आहे. मग शोधता शोधता आणखी एक गोष्ट सापडली. इंग्रजीच्या जुन्या किंग जेम्स भाषांतरात या अध्यायात भाषेच्या आधी "अनोळखी" असा शब्द येतो. प्रचलित छापील प्रतींत तो तिरप्या अक्षरांत असतो, कारण तो मूळ ग्रीकमध्ये नाही, भाषांतरकारांनी अर्थासाठी घातला आहे. किती प्रवचने या एका घातलेल्या शब्दावर उभी राहिली असतील! त्या दिवसापासून प्रार्थना केल्याशिवाय मी भाषांतराला बसत नाही, आणि प्रार्थना झाली म्हणून शब्दकोश बंदही ठेवत नाही.

दानीएलानेही (अध्याय 9) आधी यिर्मयाचे लिखाण वाचले, सत्तर वर्षांचा हिशोब समजून घेतला आणि मग उपास करून प्रार्थना केली. कूशी षंढ रथात बसून यशया वाचत होता आणि अर्थ कळत नाही हे त्याने फिलिप्पाला सरळ सांगितले (प्रे. कृ. 8). मला तो माणूस फार आवडतो. आपण सभेत मान डोलावतो, तो विचारतो. लूक 24:45 मध्ये तर प्रभू स्वतः शिष्यांचे मन उघडतो, ते त्यांना शास्त्र समजावे म्हणूनच.

या आठवड्यात 1 करिंथ 14 रोज दहा वचने याप्रमाणे वाचा. चार दिवसांत अध्याय संपतो. वाचण्याआधी स्तोत्र 119:18 मधली मागणी आपल्या शब्दांत करा की प्रभू, माझे डोळे उघड. न कळलेले वचन वहीत लिहा आणि वही घेऊन पाळकांकडे किंवा घरातल्या मोठ्यांकडे जा. अन्य भाषेचे दान असेल तर एकांतात देवाशी मोकळेपणाने बोला. मंडळीत अर्थ सांगणारा नसेल तर वचन 28 प्रमाणे मनातल्या मनात. आणि दान नसेल तर मराठीत मागा. त्या मल्याळी काकूंनी मल्याळममध्येच मागितले होते, मुलाला मार्चमध्ये नोकरी लागली.