तारीख शुभ की अशुभ?



येत्या 3 डिसेंबरला आपण संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण साजरा करणार आहोत. त्यानिमित्त ह्या रविवारी थोडा वेगळा पाठ घेऊ या. वर्तमानपत्रात ‘दिनविशेष’ नावाचे छोटे सदर असते. त्या तारखेला कोण जन्मले, कोण वारले, काय घडले ह्याची ती यादी. चहा पिता पिता आपण ती वाचतो आणि पान उलटतो. आज मात्र एका तारखेची यादी जरा थांबून वाचायची आहे.

त्याला कारण घडले. मध्यंतरी एका घरी प्रार्थनेसाठी गेलो असता आजीने मला बाजूला घेऊन विचारले, “फादर, ज्या दिवशी आमचे म्हातारे गेले, त्याच दिवशी ही नात जन्मली. लोक म्हणतात, पोरीचा पायगुण वाईट. खरं का हो ते?” नात आता दुसरीत आहे. ती दाराआड उभी राहून सारे ऐकत होती. “नाही हो आजी, असं काही नसतं,” एवढेच मी म्हणालो. पण तेवढे उत्तर पुरेसे नव्हते, असे मला घरी परतताना वाटत राहिले. म्हणून हा पाठ.

3 डिसेंबरचा दिनविशेष

1552 : चीनच्या किनाऱ्याजवळील शांगचुआन बेटावर संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे वयाच्या 46 व्या वर्षी निधन. चीनमध्ये पाऊल ठेवण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली. अखेरच्या घटकेला अंतोनियो हा चिनी ख्रिस्ती तरुण जवळ होता.

1884 : भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांचा बिहारमधील झिरादेई येथे जन्म.

1889 : क्रांतिकारक खुदीराम बोस ह्यांचा बंगालमध्ये जन्म.

1951 : खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचे निधन.

1967 : दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे डॉ. क्रिस्टियान बर्नार्ड ह्यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवण्याची जगातील पहिली शस्त्रक्रिया केली.

1984 : 2 डिसेंबरची मध्यरात्र उलटल्यावर भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायूची गळती. हजारो बळी.

1992 सालापासून ह्याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार जगभर अपंग दिन पाळला जातो.

आता सांगा, ही तारीख शुभ की अशुभ?

एकाच दिवशी जन्मले म्हणून काय झाले?

राजेंद्रबाबू आणि खुदीराम ह्यांची जन्मतारीख एकच, दोघांत पाच वर्षांचे अंतर. राजेंद्रबाबू 78 वर्षे जगले. खुदीराम 11 ऑगस्ट 1908 रोजी, वयाच्या अवघ्या 18 व्या वर्षी, मुझफ्फरपूरच्या तुरुंगात फासावर गेले. तारखेने त्यांचे आयुष्य ठरवले असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

कोणी म्हणेल, तारीख एक असली तरी साल व घटका वेगळी होती. संत ऑगस्टीन ह्यांना हाच प्रश्न पडला होता. तरुणपणी तेही ज्योतिषाच्या नादी लागले होते. ‘कन्फेशन्स’ ह्या आत्मकथनाच्या सातव्या भागात ते फिरमिनुस नावाच्या मित्राची हकिगत सांगतात. फिरमिनुस ज्या क्षणी जन्मला त्याच क्षणी त्याच्या वडिलांच्या मित्राघरी एका दासीला मूल झाले. दोघांची ग्रहदशा तंतोतंत एक. पण फिरमिनुस श्रीमंतीत वाढला आणि दासीचा मुलगा गुलामच राहिला. ऑगस्टीन ह्यांनी याकोब व एसाव ह्या जुळ्या भावांचाही विचार केला आणि ज्योतिषाचा नाद कायमचा सोडला.

तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक धडा पहिल्यांदा गिरवावा लागतो : दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. आपल्याकडे ह्याला ‘काकतालीय न्याय’ म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. कावळ्याच्या वजनाने फांदी मोडत नाही. जगात आज आठशे कोटींहून अधिक माणसे आहेत आणि वर्षाचे दिवस 365. म्हणजे प्रत्येक तारखेच्या वाट्याला सरासरी दोन कोटींहून अधिक वाढदिवस येतात. अशा गाठी पडणारच.

शिवाय तारीख ही माणसाने केलेली मोजदाद आहे. 1582 साली पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनी दिनदर्शिका सुधारली, तेव्हा 4 ऑक्टोबरनंतरचा दिवस 15 ऑक्टोबर धरण्यात आला. आविलाची संत तेरेजा त्याच रात्री देवाघरी गेली, म्हणून तिचा सण 15 ऑक्टोबरला येतो. ह्या नव्या हिशेबाने संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा मृत्यूदिन 13 डिसेंबर ठरेल! तरी आपण 3 तारखेलाच सण पाळतो, कारण महत्त्व आकड्याला नसून त्यांच्या जीवनाला आहे.

प्रभू येशूचे उत्तर

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभू येशूने स्वतःच केला आणि त्याला ठाम नकार दिला (लूक 13:4-5). मेलेल्यांचा दोष शोधू नका, स्वतःचे अंतःकरण पालटा, असे त्याने बजावले.

भोपाळचा विचार ह्या प्रकाशात करावा. त्या रात्री मेलेल्यांचे ग्रह वाईट नव्हते. कारखान्यातील सुरक्षा यंत्रणा बंद किंवा अपुऱ्या होत्या. तारखेला दोष दिला की जबाबदार माणूस सुटतो आणि निष्पाप माणूस अडकतो. घरातही असेच होते. आजोबांचे दुखणे कशाचे होते, औषधपाणी वेळेवर झाले का, हे कोणी विचारत नाही. बोट दाखवले जाते ते तान्ह्या पोरीकडे. तिला उत्तर देता येत नाही, हाच तिचा अपराध!

त्याच रात्री भोपाळ स्टेशनवर गुलाम दस्तगीर हे रेल्वे अधिकारी कामावर होते. फलाटावरची प्रवाशांनी भरलेली गाडी त्यांनी वेळेआधीच पुढे सोडायला लावली आणि स्वतः मात्र स्टेशनवरच राहून लोकांना मदत केली. रात्र तीच, वायूही तोच. पण आपण काय करायचे, हे एका माणसाने ठरवले आणि अनेकांचे प्राण वाचले.

मृत्यूदिन हाच जन्मदिन

ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत तीनच जन्म साजरे होतात : प्रभू येशूचा 25 डिसेंबरला, पवित्र मारियेचा 8 सप्टेंबरला आणि बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचा 24 जूनला. बाकीच्या संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येतो. दुसऱ्या शतकात स्मुर्णाचे बिशप संत पॉलीकार्प हुतात्मा झाले, तेव्हा तेथील ख्रिस्ती लोकांनी त्या दिवसाला त्यांचा ‘जन्मदिन’ म्हटले. मरण म्हणजे देवाच्या घरी जन्म, ही आपली श्रद्धा.

त्या श्रद्धेची खूण ह्या यादीतही दिसते. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली होती. त्यांचा संग्रह 1952 साली, त्यांच्या मरणानंतर प्रसिद्ध झाला आणि जात्यावरचा तो आवाज साऱ्या महाराष्ट्राच्या कानी पडला. केपटाऊनचे ते हृदय डेनिस डार्व्हाल ह्या 25 वर्षांच्या तरुणीचे होते. आदल्या दिवशी मोटारीच्या धडकेत तिची आई जागीच ठार झाली आणि तिचा मेंदू निकामी झाला. पत्नी गेली, लेक चालली, अशा घडीला तिच्या वडिलांनी दुसऱ्या कुणासाठी होकार दिला. ज्याला हृदय मिळाले तो रुग्ण 18 दिवसच जगला. पण त्या होकाराने उघडलेल्या वाटेने पुढे कितीतरी जणांना जीवन लाभले.

म्हणून आजी, तुमच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आता देतो. तुमच्या घरात त्या दिवशी एक मरण आणि एक जन्म झाला असे लोक म्हणतात. ख्रिस्तसभा म्हणते, दोन जन्म झाले. आजोबा देवाच्या घरी जन्मले, नात तुमच्या घरी. त्या दिवशी सकाळी आजोबांसाठी मिस्सा अर्पण करा आणि संध्याकाळी नातीचा केक कापा. मेणबत्ती पेटवताना आजोबांचे नाव तिच्याच तोंडून घेऊ द्या.

कुटुंबात विचार करण्यासाठी

1. आपल्या घरात एखादी तारीख, आकडा किंवा व्यक्ती ‘अशुभ’ मानली जाते का? तिची क्षमा कशी मागता येईल?

2. आपल्या मृतांचे स्मरणदिन आपण केवळ दुःखाने पाळतो की आशेनेही?

3. आजच्या तारखेला माझ्या हातून दुसऱ्या कुणाला जीवन मिळेल असे काय घडेल?

आपला ख्रिस्तबंधू,
प्रमुख धर्मगुरू