नेहमीच्या कोर्सवर 'पार' कसा काढावा? (डिस्क गोल्फचा एक छोटासा अभ्यास)

मित्रांनो, होस्टेलमागच्या ग्राउंडवर कधीच फ्रिस्बी फेकली नाही असा प्राणी आपल्या कॅम्पसवर विरळाच सापडेल. पण हीच चकती फेकून चक्क गोल्फ खेळतात, हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "डिस्क गोल्फ म्हणजे काय रे भाऊ?" तर सोपं आहे. चेंडूऐवजी चकती, काठीऐवजी आपला हात आणि जमिनीतल्या खड्ड्याऐवजी लोखंडी खांबावर बसवलेली साखळ्यांची बास्केट. 'टी' नावाच्या ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करायची. चकती जिथे पडेल तिथून दुसरी, मग तिसरी, असं करत ती बास्केटमध्ये घालायची. ज्याच्या एकूण फेकी सगळ्यात कमी, तो जिंकला.

हा खेळ मुख्यतः अमेरिकेतला. आपले बरेच सीनियर्स एमएससाठी तिकडे जातात. तिथले पुष्कळसे कोर्स सार्वजनिक बागांमध्ये असतात आणि अनेक ठिकाणी फी नसते. दोन-तीन डिस्क घेतल्या की वर्षभराची करमणूक झाली, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या खिशाला हा खेळ परवडतो. पण या लेखाचा विषय करमणूक नाही. एकाच कोर्सवर दर रविवारी जाऊनही स्कोअर काही केल्या पारपर्यंत येत नाही, असं का होतं आणि त्यावर उपाय काय, हे आपल्याला इंजिनिअरच्या नजरेने बघायचं आहे.

थोडासा इतिहास

या खेळाचा जनक म्हणून एड हेड्रिक याचं नाव घेतात. तो 'व्हॅम-ओ' या खेळणी बनवणाऱ्या कंपनीत होता. फ्रिस्बीच्या वरच्या बाजूला ज्या गोल उंचवट्यांच्या रेषा असतात, त्या सुधारित रचनेचं पेटंट त्याला १९६७ साली मिळालं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात पासाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह इथे त्याने पहिला कायमस्वरूपी कोर्स उभारला. गंमत म्हणजे ही जागा नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीला अगदी लागून आहे! त्याआधी लोक झाड, खांब, कचऱ्याचा डबा असं काहीही नेम धरायला वापरत, आणि मग "लागली", "नाही लागली" यावरून वाद होत. म्हणून साखळ्यांची बास्केट आली आणि १९७७ मध्ये तिचं पेटंट झालं. चकती साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मरतो आणि ती खालच्या टोपलीत पडते. वाद संपला! खेळाची संघटना पीडीजीए ही १९७६ सालची. हेड्रिक २००२ मध्ये वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थींची राख मिसळून डिस्क बनवण्यात आल्या. याला म्हणतात निष्ठा.

पार म्हणजे नक्की किती?

रोजच्या इंग्रजीत 'बिलो पार' म्हणजे सुमार दर्जाचं. गोल्फमध्ये मात्र पारच्या खाली जाणं हीच शाबासकी. दुसरा गैरसमज याहून मोठा आहे. पार म्हणजे 'ऍव्हरेज', म्हणजे पासिंगचे चाळीस मार्क, असं पुष्कळांना वाटतं. ऍक्च्युअली नियमातला अर्थ असा, की नेहमीच्या हवेत एखाद्या तरबेज खेळाडूने चूक न करता खेळल्यास जितक्या फेकी लागतील तितका त्या होलचा पार. म्हणजे पार ही फर्स्ट क्लासच्याही वरची गोष्ट झाली. पारपेक्षा एक फेक कमी लागली तर 'बर्डी', एक जास्त लागली तर 'बोगी' (रेल्वेची नव्हे!).

आता उदाहरणासाठी १८ होलचा एक कोर्स धरू आणि प्रत्येक होलचा पार ३ मानू. एकूण पार झाला ५४. आपल्याला एका होलवर बोगी न होण्याची शक्यता ०.९ आहे असं समजा, म्हणजे दहापैकी नऊ वेळा सगळं ठीक. ऐकायला फार भारी वाटतं. पण अठराही होल बोगीशिवाय पार पडण्याची शक्यता ०.९ चा अठरावा घात, म्हणजे फक्त ०.१५! ही शक्यता ०.९५ केली तरी उत्तर येतं सुमारे ०.४०. थोडक्यात काय, एकही बोगी न होण्याचा हट्ट धरू नये. एक-दोन बोगी होणारच. त्या भरून काढायला सोप्या, छोट्या होलवर एक-दोन बर्डी हव्यात, आणि बाकीच्या होलवर शांतपणे ३.

चकती डावीकडेच का जाते?

उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली चकती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. सुरुवातीला वेग जास्त असतो तेव्हा हवेचा दाब तिचं नाक किंचित खाली ढकलतो. शेवटी वेग कमी होऊन ती खाली येऊ लागली की तोच दाब नाक वर उचलू पाहतो. पण चकती फिरत असल्यामुळे ती जायरोस्कोपसारखी वागते. टॉर्क एका दिशेला आणि झुकणं नव्वद अंशांनी दुसऱ्या दिशेला. फर्स्ट इयरला शिकलेलं प्रिसेशन ते हेच! म्हणून वेगात असताना ती थोडी उजवीकडे झुकते आणि शेवटी डावीकडे वळते. या शेवटच्या वळण्याला 'फेड' म्हणतात.

इथेच नवशिक्यांची गोची होते. लांब जाणारी 'ड्रायव्हर' डिस्क पातळ, धारदार कडेची असते आणि तिला खूप वेग लागतो. तेवढा वेग हातात नसेल तर ती उजवीकडे न जाता लगेच डावीकडच्या झाडीत शिरते. त्याच हाताने जाड कडेची, कमी वेगाची डिस्क फेकली तर ती सरळ जाते, आणि कित्येकदा लांबही जाते. डिस्क जड घेऊनही फार फायदा नाही, कारण नियमाने व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम एवढंच वजन चालतं. २१ सेंमी व्यासाला झाले १७४.३ ग्रॅम. तेव्हा पहिला धडा: टीवरून आपल्या हाताला झेपेल तीच डिस्क फेका, शेजाऱ्याच्या हाताला झेपणारी नको.

फेकी कुठे वाया जातात?

समजा, आपला एक सीनियर नेहमी ६१ स्कोअर करतो, म्हणजे पारपेक्षा ७ जास्त. त्याला विचारलं तर तो म्हणेल, "माझी ड्राइव्ह छोटी पडते यार, नवीन डिस्क घ्यायला हवी." पण त्याने प्रत्येक होलनंतर वहीत नोंद केली तर चित्र काहीसं असं दिसेल:

हद्दीबाहेर गेल्याचा दंड: १
झाडीतून 'हिरोगिरी' करताना: ४
बास्केटला अप्रोच करताना आखूड किंवा लांब: २
बास्केट चुकून चकती फार पुढे गेल्यामुळे: २
एकूण जादा फेकी: ९
वजा बर्डी: २
शिल्लक: ७

आकडे उदाहरणाचे आहेत, पण या यादीत एक रकाना नाही हे लक्षात आलं का? 'ड्राइव्ह छोटी पडली' हा रकाना! झाडीतल्या ४ चा १ झाला, अप्रोचच्या २ चा १ झाला आणि दंड व शेवटच्या दोन चुका टळल्या, की जादा फेकी उरतात २. दोन बर्डी आहेतच. स्कोअर बरोबर ५४. हात तोच, डिस्क त्याच, फक्त निर्णय बदलले.

झाडीतून बाहेर कसं यायचं?

ड्राइव्ह झाडीत गेली. बास्केट ३५ मीटरवर आहे. दोन झाडांच्या मधून एक फट दिसते. मन म्हणतं, "मार!" आता हिशोब करू.

पर्याय पहिला: बाजूला मोकळ्या जागेत छोटी फेक (१), तिथून बास्केटपासून ३ मीटरवर अप्रोच (१), मग शेवटची फेक. ३ मीटरवरून आपण शंभरात ९५ वेळा बास्केट मारतो असं धरलं तर तिथून सरासरी १.०५ फेकी लागतात. एकूण ३.०५.

पर्याय दुसरा: फटीतून मारणे. चकती पार झाली तर ६ मीटरवर पडेल. तिथून शंभरात ७० वेळा जमतं असं धरू, म्हणजे १ अधिक १.३० मिळून २.३० फेकी. झाडाला लागली तर तिथेच पडेल. एक फेक गेली आणि पुढे ३.०५ लागणारच, म्हणजे ४.०५. फट साधण्याची शक्यता ३० टक्के असेल तर सरासरी येते सुमारे ३.५३. म्हणजे हिरोगिरी दर वेळी जवळजवळ अर्धी फेक महाग पडते.

दोन्ही पर्याय सारखे होण्यासाठी शक्यता किती हवी? समीकरण मांडून बघा, उत्तर येतं ५७ टक्के. म्हणून झाडीत उभं राहिल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: ही फट मी दहापैकी सहा वेळा साधेन का? उत्तर प्रामाणिकपणे 'नाही' असेल तर गुपचूप बाजूला फेका आणि एक बोगी पदरात घ्या. डबल बोगीपेक्षा ती केव्हाही बरी. एका विषयात केटी लागली म्हणून उरलेल्या विषयांचा अभ्यास कोणी सोडत नाही.

आता कोणी म्हणेल, मग २०२१ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचं काय? बरोबर. अमेरिकेतल्या ऑग्डेन इथे जेम्स कॉनराडने शेवटच्या होलवर सुमारे ७५ मीटरवरून चकती थेट बास्केटमध्ये घातली, पॉल मॅकबेथशी बरोबरी केली आणि प्लेऑफ जिंकला. पण तो एका फेकीने मागे होता आणि होल शेवटचा होता. जपून खेळून त्याला हरणंच मिळणार होतं. आपण रविवारी सकाळी चौथ्या होलवर असतो आणि पुढे चौदा होल बाकी असतात!

बास्केटजवळची शेवटची फेक

या फेकीला 'पट' म्हणतात. बास्केटपासून १० मीटरच्या आत एक नियम कडक आहे: चकती सोडल्यावर तोल सावरून दाखवायचा, धावत पुढे जायचं नाही. समजा आपण १२ मीटरवर आहोत. जोरात सरळ मारली तर शंभरात २० वेळा जमते, पण चुकली तर ६ मीटर पुढे जाते. सरासरी: १ + ०.८ × १.३० = २.०४. तीच फेक थोड्या उंचीने, हळू पडेल अशी केली तर जमण्याचं प्रमाण घटून १५ वर येईल, पण चुकली तरी ती ३ मीटरच्या आत राहील. सरासरी: १ + ०.८५ × १.०५ = सुमारे १.८९. कमी वेळा बास्केट लागूनही स्कोअर सुधारतो! म्हणजे लांबून फेकताना "लागेल का?" याबरोबरच "चुकली तर कुठे पडेल?" हेही विचारायला हवं.

वहीचं महत्त्व

कोर्स नेहमीचाच असल्याचा खरा फायदा असा की प्रयोग पुन्हा पुन्हा करता येतो. होल तोच, अंतर तेच. दहा फेऱ्यांच्या नोंदी झाल्या की कोणत्या होलवर बर्डीचा प्रयत्न करायचा आणि कोणता होल ३ वर सोडून द्यायचा हे आपोआप कळतं. सरावातही निम्मा वेळ ३ ते ६ मीटरच्या पटला आणि उरलेला ३० ते ४० मीटरच्या अप्रोचला द्यावा. वर घेतलेले ९५, ७० हे आकडे गृहीत आहेत. प्रत्येकाने शंभर पट मारून आपापले आकडे काढावेत आणि गणितं पुन्हा करावीत.

फक्त एक अट आहे. आपल्याकडे लॅब जर्नलमधली रीडिंग्ज कुठून 'येतात' हे वेगळं सांगायला नको. ग्राफ आधी, रीडिंग्ज नंतर! या खेळात बहुतेक वेळा अंपायर नसतो, खेळाडूच एकमेकांचा स्कोअर लिहितात. "ती जरा हातातून निसटली, मोजू नको" असं म्हणून ६१ चे ५८ करता येतात. कोणी भांडणारही नाही. पण मग कोणती फेक वाया गेली हे वही सांगू शकत नाही आणि पुढच्या रविवारी चकती त्याच झाडाला लागते. खोट्या रीडिंगवर व्हायवा निघतो, डिझाइन चालत नाही.

तेव्हा मंडळी, तिकडे गेलात आणि एखाद्या बागेत साखळ्यांची बास्केट दिसली, तर नवीन ड्रायव्हर घेण्याआधी एक छोटी वही घ्या. पहिल्या दहा फेऱ्यांत स्कोअर कितीही येऊ दे, खरा लिहा. अकराव्या फेरीपासून झाडीत बाजूला आणि लांबून हळू, एवढे दोनच नियम पाळा. पारला वेळ लागेल, पण आकडा खाली येताना दिसेल. ऑल द बेस्ट!