कुत्रे चावले तर

माझ्या धाकट्या भावाला कुत्रं चावलं. ते पिसाळलेलं होतं का, ठाऊक नाही, पळून गेलं. आजी म्हणाली, मिरची भरा. पण गुरुजींनी शिकवलेलं मला आठवलं. जखमेवर मिरची, चुना लावू नये. मी त्याची पोटरी वाहत्या पाण्यात साबणाने 15 मिनिटे धुतली. तो लई रडला. मग बाबांनी त्याला लगेच दवाखान्यात नेले.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतात. रोग झाल्यावर माणूस बहुधा वाचत नाही, म्हणून लस आधीच घ्यावी लागते. 1885 साली लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या मुलाला यावरची लस दिली. तो वाचला.

पूर्वी पोटात 14 सुया टोचत, त्यालाच आजी भ्यायली होती. आता दंडात टोचतात. भावाची शेवटची सुई 28व्या दिवशी झाली. तेव्हा तो रडला नाही.